फिट, पाळी आणि गोळ्या: बायका हळू आवाजात विचारतात ते प्रश्न

मला पंधराव्या वर्षी पहिली मोठी फिट आली. त्याच्या आधी वर्षभर सकाळी उठल्यावर हाताला झटके बसायचे, दोनदा चहाचा कप हातातून उडून भिंतीवर गेला, आणि आई म्हणायची लक्ष कुठंय तुझं. नंतर कळलं की याला नाव आहे, जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी, आणि ती बहुतेक वेळा वयात येतानाच सुरू होते. आता चाळिशी आलीये, एक मुलगी आहे, गोळी रोज दोनदा चालू आहे. ओळखीतल्या कुणाच्या मुलीला, सुनेला, भाचीला फिट आली की मला फोन येतो, "तुला म्हणून विचारते हं", आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाहीये. यातलं वाचून गोळी बदलायची नाही की बंद करायची नाही, पण डॉक्टरला काय विचारायचं ते मात्र खुशाल इथून घेऊन जा.

पाळी जवळ आली की फिट येते. हा योगायोग की खरंच काही संबंध आहे?

संबंध आहे, आणि त्याला वैद्यकीय नाव पण आहे, कॅटामेनियल एपिलेप्सी. सोप्यात सांगायचं तर पाळीची जी दोन मुख्य हॉर्मोन, त्यातलं इस्ट्रोजेन मेंदूतल्या पेशींना चेतवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्यांना निजवतं. म्हणजे प्रोजेस्टेरॉन स्वतः नाही, शरीरात त्याच्यापासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनतो, तो मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या गाबा रिसेप्टरवर जाऊन बसतो, क्लोबाझाम सारख्या गोळ्या पण त्याच रिसेप्टरवर काम करतात. आता पाळीच्या आधी दोन-तीन दिवस प्रोजेस्टेरॉन धाडकन उतरतं. जणू रोजची एक शांत करणारी गोळी कुणीतरी न सांगता बंद केली. ज्यांचा मेंदू आधीच फिटकडे झुकलेला आहे त्यांना ते जाणवणारच.

सगळ्यांना असं होतं असं नाही. साधारण तीनातल्या एकीला होतं असं अभ्यास सांगतात. पण माझ्या बाबतीत पहिली दहा वर्षं एकाही डॉक्टरने पाळीची तारीख विचारली नाही, आणि मी पण आपणहून सांगितली नाही कारण बरोबर बाबा असायचे.

पण माझ्या फिट पाळीशीच जोडलेल्या आहेत हे ओळखायचं कसं?

लिहून. दुसरा उपाय नाही, आठवणीवर अजिबात जाऊ नका. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असायचं, त्यावर आई दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहायची, त्याच्यावरच मी पाळीच्या पहिल्या दिवशी लाल गोल करायला लागले आणि फिट आली की निळी फुली. नुसते झटके आले तर निळा ठिपका. चार महिन्यांनी पानं उलटून बघितली तर निळं सगळं लालच्या आसपास. आईने पण बघितलं आणि काही बोलली नाही, पुढच्या अपॉइंटमेंटला चारही पानं फाडून पर्समध्ये घातली. दुधाच्या खाड्यांसकट.

रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरायचा. तीन नमुने दिसतात. पहिला, पाळीच्या आधीचे तीन दिवस ते पाळीचा तिसरा दिवस, हा सगळ्यात जास्त दिसतो. दुसरा, महिन्याच्या मध्यावर बीज सुटतं तेव्हा, म्हणजे साधारण दहावा ते पंधरावा दिवस, कारण तेव्हा इस्ट्रोजेन उसळी मारतं. तिसरा जरा फसवा आहे, ज्या महिन्यात बीज नीट सुटतच नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन बनत नाही आणि मग पाळीचा सगळा उत्तरार्धच वाईट जातो. अशा दिवसांत एरवीपेक्षा दीडपट-दुप्पट फिट येत असतील तर संबंध आहे असं धरतात. किमान तीन पाळ्यांची नोंद हवी. मोबाईलमधलं पाळीचं अ‍ॅप पण चालेल, फक्त त्यात गोळी चुकली का आणि रात्री झोप किती झाली तेही टाका, नाहीतर दोष पाळीला आणि कारण जागरण असं व्हायचं.

मग त्या दिवसांपुरती वेगळी गोळी असते का?

असते. बऱ्याचदा डॉक्टर रोजच्या औषधाबरोबर पाळीच्या आसपासचे थोडे दिवस क्लोबाझाम देतात, आपल्याकडे फ्रिझियम नावाने ओळखतात ती. पाळी वेळेवर येत असेल तरच हे जमतं, कारण सुरू कधी करायची ते तारखेवरून ठरतं. अ‍ॅसेटाझोलामाईड पण काही जण वापरतात.

प्रोजेस्टेरॉन देऊन बघितलंय. अमेरिकेत २९४ बायकांवर मोठी ट्रायल झाली, २०१२ मध्ये निकाल आला, आणि सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. पण ज्यांच्या फिट पाळीच्या आसपास तिप्पट किंवा त्याहून जास्त वाढायच्या त्यांना मात्र दिसला. म्हणजे परत तेच, कॅलेंडर नसेल तर तुम्ही त्यातल्या आहात की नाही हे कळणार कसं.

माझी पाळी दोन-दोन महिने येत नाही. हे आजारामुळे की गोळ्यांमुळे?

दोन्हीमुळे होऊ शकतं, आणि कधी कधी दोन्हीमुळे नाही, साधा थायरॉइड निघतो किंवा चक्क प्रेग्नन्सी.

आजाराचं असं आहे की पाळीचा हुकूम मेंदूतूनच सुटतो, हायपोथॅलॅमसमधून. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो टेम्पोरल भाग आहे त्याचे आणि हायपोथॅलॅमसचे थेट धागे आहेत, म्हणून त्या भागातून फिट येणाऱ्या बायकांमध्ये पाळीच्या तक्रारी जास्त. शिवाय मोठी फिट येऊन गेली की दहा-वीस मिनिटांत रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं हॉर्मोन वाढतं आणि पुढचे काही तास वाढलेलं राहू शकतं, त्यामुळे फिट आल्याआल्या हॉर्मोनचं रक्त देऊ नका, रिपोर्ट उगाच वर दिसेल आणि पुढच्या तपासण्या मागे लागतील.

गोळ्यांचं उत्तर गोळीवर अवलंबून आहे. सगळ्यात जास्त बोलायचंय ते एका गोळीवर, म्हणून तिचा वेगळा प्रश्न.

व्हॅल्प्रोएटने पीसीओडी होतो हे खरं का?

धोका वाढतो, हो. व्हॅल्पारिन, एन्कोरेट ही नावं ओळखीची असतील, आत व्हॅल्प्रोएटच. १९९३ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मोठं काम छापलं, त्यात व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बायकांपैकी ४३ टक्क्यांच्या ओव्हरीत सिस्ट दिसल्या, आणि ज्यांनी विशीच्या आत गोळी सुरू केली होती त्यांच्यापैकी ८० टक्क्यांना एकतर सिस्ट होत्या किंवा पुरुषी हॉर्मोन वाढलेलं होतं. नंतरच्या अभ्यासांत आकडे मागेपुढे झाले पण दिशा तीच राहिली, आणि कोवळ्या वयात सुरू केली तर जास्त हेही राहिलं.

मी पंधराव्या वर्षी सुरू केली. गोळीने फिट बहुतेक थांबल्या, हे आधी सांगते, झटके पण, गोळी कामाची आहे याबद्दल दुमत नाही. पण दोन वर्षांत अकरा किलो वजन वाढलं, पाळी पंचेचाळीस-पन्नास दिवसांवर गेली, हनुवटीवर जाड केस यायला लागले. कॉलेजला जायच्या आधी मी खिडकीत उजेडाला आरसा धरून प्लकर घेऊन बसायचे. पार्लरवाल्या ताई म्हणायच्या हॉर्मोनल आहे गं, डॉक्टरला दाखव. त्यांना जे दिसलं ते गोळी लिहून देणाऱ्याला दिसलं नाही, आणि ज्या बाई पाळीसाठी औषध देत होत्या त्यांनी मी फिटची कुठली गोळी घेते ते कधी विचारलं नाही. दोन फायली, दोन पिशव्या.

नुसत्या सोनोग्राफीत सिस्ट दिसल्या म्हणजे पीसीओएस (पीसीओडीलाच डॉक्टर असं म्हणतात) झाला असं नसतं हेही लक्षात ठेवा. तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित, पुरुषी हॉर्मोन जास्त (रक्तात किंवा अंगावर दिसणारं), आणि सोनोग्राफीतला तसा फोटो. गोळी बदलल्यावर बऱ्याच जणींमध्ये वजन आणि हॉर्मोन सुधारतात. माझी पाळी साधारण आठ महिन्यांत लायनीवर आली, हनुवटीचे केस मात्र गेले नाहीत, ते लेझरलाच ऐकले.

मग मुलींना ही गोळी देतातच कशाला? मी उद्यापासून बंद करू का?

नाही नाही नाही. फिटची कुठलीही गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. हळूहळू उतरवतात, दुसरी चढवत चढवत, त्याला महिने लागतात.

देतात कारण काही प्रकारांत, माझ्यासारख्या, तिच्याइतकं जोरकस औषध दुसरं नाही. पण आता जगभर नियम कडक झालेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुली-बायकांना व्हॅल्प्रोएट वापरू नये. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ मध्ये नियम आला की ५५ वर्षांखालच्या कुणालाही ती नव्याने सुरू करायची तर दोन तज्ज्ञांची सही हवी, आणि तेव्हा पुरुषांना पण तोच नियम लावला. तिथे राहणाऱ्या आपल्या मुलींना या सहीचा फॉर्म भरताना घाबरायला होतं, घाबरू नका, तुमच्या भल्याचाच आहे. आणि एक, ही गोळी मायग्रेनला आणि बायपोलरला पण देतात, त्यामुळे "मला कुठे फिट येते" म्हणून हे वाचायचं सोडू नका.

एप्टॉइनने पण अंगावर लव येते, ते हॉर्मोनमुळेच ना?

नाही, ते वेगळं. फेनिटॉइनची (एप्टॉइनमधलं औषध तेच) लव हातापायांवर, पाठीवर, सगळीकडे येते, त्यात पुरुषी हॉर्मोन वाढलेलं नसतं. हिरड्या सुजणं पण त्याच गोळीचं. पाळी नीट असेल तर पीसीओडीच्या मागे लागू नका, दाताच्या डॉक्टरकडे जा.

गर्भनिरोधक गोळी चालते का?

इथे नीट वाचा, हा प्रश्न सगळ्यात जास्त जणींना अडचणीत आणतो.

फिटच्या काही गोळ्या लिव्हरला इतकं कामाला लावतात की ते बाकीची औषधं पण भराभर फोडून बाहेर टाकतं, गर्भनिरोधक गोळीतले हॉर्मोन पण. गोळी रोज न चुकता घेताय आणि तरी दिवस राहिले, असं यामुळे होतं. त्या गोळ्या म्हणजे फेनिटॉइन (एप्टॉइन), कार्बामाझेपिन (टेग्रेटॉल, मॅझेटॉल), फेनोबार्बिटोन (गार्डिनल), प्रिमिडोन, ऑक्सकार्बाझेपिन, आणि टोपिरामेट जास्त डोसला, दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन असो की दुकानातली महागडी पिल, हे सगळ्यांना लागू. दंडात बसवायच्या इम्प्लांटला पण. फिटची ती गोळी बंद केली तरी लिव्हर ताळ्यावर यायला साधारण चार आठवडे लागतात, तोवर दुसरी काळजी घ्यायची.

लेव्हेटिरासिटाम (लेव्हिपिल), व्हॅल्प्रोएट, लॅकोसामाईड, गॅबापेंटिन यांचा असा त्रास नाही. पण व्हॅल्प्रोएटवर दिवस राहणं हेच नको असतं, त्यामुळे तिथे गर्भनिरोधक जास्तच पक्कं हवं.

मग सगळ्यात बिनघोर काय? कॉपर-टी. तिच्यात हॉर्मोनच नाही, लिव्हर काय वाटेल ते करो. हॉर्मोनवाली गर्भाशयात बसवायची पण चालते कारण ती तिथल्या तिथे काम करते. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, सरकारी योजनेतलं अंतरा, तेही गुणाला येतं, फक्त त्याने हाडं जरा पातळ होतात आणि वरच्या यादीतल्या गोळ्यांनी पण होतात, म्हणून वर्षानुवर्षं घ्यायचं असेल तर डॉक्टरशी बोला.

आणि ७२ तासांवाली गोळी?

आय-पिल सारख्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं. वरच्या यादीतलं काही घेत असाल तर तेवढं पुरेल याची खात्री नाही. इंग्लंडच्या डॉक्टरांची शिफारस अशी की अशा वेळी पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं सगळ्यात पक्कं, ते जमणारच नसेल तर दुप्पट, म्हणजे ३ मिलिग्रॅम. मेडिकलवाला हे सांगणार नाही, तो पाकीट कागदात गुंडाळून देण्याच्या घाईत असतो.

मी लॅमोट्रिजिन घेते. माझं वेगळं काही आहे का?

आहे, तुमचं उलटं आहे. इथे पिल फिटच्या गोळीला खाते. इस्ट्रोजेनवाली पिल सुरू केली की लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं, म्हणजे फिट येऊ शकते, आणि पिलच्या पाकिटातले सात दिवस मोकळे किंवा लोहाच्या गोळ्यांचे असतात तेव्हा ते परत चढतं, चक्कर, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं असं होतं. एक मैत्रीण दर महिन्याला त्याच आठवड्यात जिन्यात तोल जातो म्हणायची, अशक्तपणा समजून खजूर खात होती. पीसीओडीसाठी सुद्धा हीच पिल देतात, तेव्हा गायनॅकला आपणहून सांगा की मी लॅमोट्रिजिनवर आहे.

घरात गणपती आहेत. पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का?

हा प्रश्न श्रावण लागला की सुरू होतो. ती गोळी म्हणजे नॉरेथिस्टेरॉन, बहुतेक दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. लोकांना वाटतं प्रोजेस्टेरॉन फिटला चांगलं, म्हणजे ही पण चांगली. तसं नाहीये, ही कृत्रिम आहे आणि हिच्यापासून मेंदूला शांत करणारा तो पदार्थ बनत नाही. कार्बामाझेपिन, फेनिटॉइनवाल्यांना ती पुरेशी लागू पडेलच असं नाही, ऐन आरतीला डाग लागलेला मी बघितलाय. आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, बऱ्याच जणींना ती जोरात येते.

माझं मत विचारलंत तर देवाला काही फरक पडत नाही. पण सासूबाईंना पडतो हे मला माहितीये, त्यामुळे घ्यायचीच असेल तर मेडिकलमधून परस्पर नको, डॉक्टरला फिटच्या गोळीचं नाव सांगून.

हरतालिकेचा उपास?

उपासाने हॉर्मोन बिघडत नाहीत, पण निर्जळी उपास करून गोळी चुकवली आणि वर रात्रभर जागरण केलं तर फिट येण्याची सगळी तयारी आपणच करून ठेवली. त्यात हरतालिकेच्या सुमारास पाळी जवळ आलेली असेल तर बघायलाच नको. मी गोळी पाण्याबरोबर घेते आणि अकराला झोपते.

लग्न झालं की फिट जातात म्हणे?

नाही जात. हे अजून किती घरांत सांगतात! वयानुसार काही प्रकार कमी होतात, ते लग्न न करता पण होतात. उलट लग्नानंतर गोळ्या लपवून ठेवाव्या लागतात, डबा माहेरी राहतो, पहाटे उठायचं, आणि त्यातच फिट येते. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाच्या आड येत होता, १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. आधी सांगून केलेलं बरं, माझ्या नवऱ्याला मी दुसऱ्याच भेटीत उसाचा रस पिता पिता सांगितलं, त्याने विचारलं फिट आली तर मी काय करायचं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही हुंगवायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. एवढंच.

मूल व्हायला अडचण येते का?

बहुतेकींना होतं. पण काहींना उशीर लागतो, आणि यात आपल्या देशातला अभ्यास आहे म्हणून सांगते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून फिट असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही चालवतात. त्यांनी २०१० मध्ये छापलं की मूल हवं असलेल्या ३७५ बायकांपैकी साधारण ३८ टक्क्यांना पाठपुराव्याच्या काळात दिवस राहिले नाहीत, आणि जितक्या फिटच्या गोळ्या जास्त तितकं प्रमाण जास्त, तीन किंवा अधिक गोळ्या घेणाऱ्यांत ६० टक्के. दुसरीकडे अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्यांना आधीपासून वंध्यत्वाची तक्रार नव्हती अशा बायकांत, फिट असो नसो दिवस राहण्याचं प्रमाण सारखंच निघालं. मी यातून एवढंच घेते की वर्षभर वाट बघत बसू नका, आधीच विचारा की दोन-तीन गोळ्यांची एक होऊ शकते का.

प्रेग्नन्सीत गोळ्या बंद करायच्या ना? बाळाला त्रास होईल.

बंद नाही. मोठी फिट बाळाला आणि तुम्हाला दोघांना जास्त धोक्याची. बंद करण्यापेक्षा बदलायच्या, आणि ते दिवस राहायच्या आधी, निदान सहा महिने-वर्ष आधी ठरवायचं.

जगभरातल्या गरोदर बायकांच्या एका मोठ्या नोंदीत, २०१८ मध्ये आलेल्या, बाळात मोठं व्यंग निघण्याचं प्रमाण असं होतं: लेव्हेटिरासिटाम २.८ टक्के, लॅमोट्रिजिन २.९, ऑक्सकार्बाझेपिन ३, टोपिरामेट ३.९, कार्बामाझेपिन ५.५, फेनिटॉइन ६.४, फेनोबार्बिटोन ६.५, आणि व्हॅल्प्रोएट १०.३. कुठलीही गोळी न घेणाऱ्या बाईच्या बाळाला पण दोन-तीन टक्के असतोच, म्हणजे पहिल्या दोन जवळपास त्याच्याच घरात आहेत. व्हॅल्प्रोएटचं व्यंगावर थांबत नाही, सहा वर्षांच्या मुलांची बुद्धी मोजली तेव्हा व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ९७ आणि लॅमोट्रिजिनवाल्यांचा १०८ आला.

फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून. बाळाच्या मणक्याची नळी दिवस राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, आणि तोवर आपल्याला पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं, म्हणून कळल्यावर सुरू करून त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे बहुतेक ५ मिलिग्रॅमची देतात, अमेरिकेचा २०२४ चा सल्ला किमान ०.४ चा आहे. किती घ्यायची ते तुमच्या डॉक्टरवर सोडा, घ्यायची हे मात्र नक्की.

आणि लॅमोट्रिजिनवाल्या परत ऐका, इस्ट्रोजेन वाढतं तसं प्रेग्नन्सीत तुमचं औषध भराभर उतरतं, दर महिन्याला लेव्हल बघून डोस वाढवतात काही ठिकाणी, आणि बाळंत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत परत खाली आणावा लागतो नाहीतर चढतं. लेव्हेटिरासिटामचं पण उतरतं. मी व्हॅल्प्रोएटवरून लेव्हेटिरासिटामवर आले ते लग्नानंतर वर्षभराने, पहिले तीन महिने इतकी चिडचिड व्हायची की नवरा फोन करून विचारायचा, "आज येऊ का घरी?"

अंगावर पाजता येतं?

येतं, पाजाच. थोडं औषध दुधात जातं, पण पोटात असताना बाळाला त्याहून जास्त मिळालेलं असतं. फेनोबार्बिटोनवर असाल तर बाळ फार झोपाळू होतंय का, दूध ओढतंय का तेवढं बघा. रात्रीचं एखादं पाजणं दुसऱ्या कुणाला वाटीचमच्याने द्यायला लावा म्हणजे सलग झोप मिळेल. मी मुलीला खाली गादीवर बसूनच पाजायचे, खुर्चीत नाही, आणि घरात एकटी असताना तिला अंघोळ घातली नाही.

इच्छाच होत नाही. हे कुणाला विचारायचं?

न्यूरोलॉजिस्टलाच. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन सारख्या गोळ्यांनी लिव्हर एक प्रथिन जास्त बनवतं जे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं, बायकांना पण थोडं मोकळं टेस्टोस्टेरॉन लागतं, ते कमी पडतं. त्यात गोळीची सुस्ती, त्यात फिट येईल ही भीती. थेट विचारायची लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा, मी तेच केलं होतं.

थायरॉइड, हाडं?

कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिनने थायरॉइडचं टी-फोर हॉर्मोन रक्तात कमी दिसतं पण टीएसएच नॉर्मल असतं, तेव्हा लगेच थायरॉइडची गोळी नको, आधी दाखवा. हाडांसाठी व्हिटॅमिन डी तपासा, जुन्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं असाल तर नक्कीच.

पाळी जायला लागली की फिट पण जातील का?

जायच्या आधीची दोन-चार वर्षं बऱ्याचदा त्रासाची, कारण इस्ट्रोजेन वरखाली होत राहतं आणि प्रोजेस्टेरॉन आधी घटतं. पाळी पूर्ण थांबल्यावर, ज्यांच्या फिट पाळीशी जोडलेल्या होत्या त्यांना अनेकदा आराम पडतो. ज्यांना आयुष्यभर वारंवार फिट आल्या त्यांची पाळी सरासरी तीनेक वर्षं लवकर जाते असंही दिसलंय. घाम, गरम वाफांसाठी हॉर्मोनच्या गोळ्या घ्यायच्या तर जपून, २००६ च्या एका छोट्या ट्रायलमध्ये डोस वाढला तशा फिट वाढल्या होत्या, आणि लॅमोट्रिजिनचं प्रमाण त्यानेही उतरतं.

हे सगळं न्यूरोवाल्याला सांगायचं की गायनॅकला?

दोघांना, आणि ते एकमेकांशी बोलतील असं धरून चालू नका. मी दोन पिशव्यांची एक केली. एकच प्लास्टिकची फाईल, वर चालू गोळ्यांची चिठ्ठी, नाव-डोस-कधीपासून, गर्भनिरोधक आणि आयुर्वेदिक काढे धरून. मग कॅलेंडरची पानं. मग रिपोर्ट, नवीन वर. मोबाईलमध्ये प्रत्येक गोळीच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, कारण ब्रँड बदलतो आणि आपल्याला "ती पिवळी गोळी" एवढंच आठवतं. परवा मुलीला पहिली पाळी आली, तिला फिट नाहीत, तरी तिने स्वतःहून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल गोल काढला आणि मला म्हणाली तुझा निळा पेन कुठे असतो, मी म्हटलं तो माझा आहे, तिथेच राहू दे.